बेसूर गिटार आणि तिच्याशी जुळवून घेणारा चेलो

नमस्कार मंडळी, आज एकाच गाण्याबद्दल बोलायचंय, आणि खरं तर त्यातल्या एकाच वाद्याबद्दल. निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचं 'समथिंग इन द वे', १९९१ च्या 'नेव्हरमाइंड' अल्बममधलं बारावं गाणं. मी पहिल्यांदा ऐकलं ना तेव्हा त्यात चेलो (व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ) आहे हे कळलंच नव्हतं, वाटलं मागे कोणीतरी हुंदका दाबून गुणगुणतंय.

तर झालं काय, कॅलिफोर्नियातल्या साउंड सिटी स्टुडिओत हे गाणं बँडसोबत वाजवून बघितलं पण जमेना. मग बँडचा गायक-गिटारवादक कर्ट कोबेन कंट्रोल रूममधे आला, तिथल्या सोफ्यावर आडवा पडला आणि अगदी कुजबुजल्यासारखं गाऊन दाखवलं, की हे असं हवंय. प्रोड्यूसर बुच व्हिगने तिथेच माइक लावले, फोनसुद्धा बंद केला, आणि सोफ्यावरच रेकॉर्डिंग झालं! ड्रम्स नंतर वाजवले, आणि ड्रमर डेव्ह ग्रोल, म्हणजे तोडफोड वाजवणारा माणूस, त्याला सांगावं लागलं की अजून हळू, अजून हळू.

आता खरी गंमत. कर्टची गिटार जुनी, पाचच तारा, आणि नीट ट्यून केलेली नाही. आपल्याकडे कसं, पेटीची पट्टी पक्की असते आणि बाकीचे तिला जुळवून घेतात. इथे पट्टीच हललेली. कर्क कॅनिंग चेलो घेऊन आला तेव्हा त्याला त्या बेसूर गिटारशी जुळवून घ्यावं लागलं आणि सगळ्यात जास्त त्रास तिथेच झाला. पण मला विचाराल तर गाण्याचा जीव यातच आहे, कर्टला कोणी म्हणालं नाही की ऊठ, गिटार लाव, परत गा. तो जिथे पडला होता तिथे चेलो जाऊन बसला.

आणि चेलोच का? गिटारची तार छेडली की आवाज विरत जातो, चेलोवर बो (गज) फिरतोय तोवर सूर टिकतो, वाढतो, थरथरतो. सारंगीला आपण गळ्याच्या जवळचं वाद्य म्हणतो ना, तसंच हे, फक्त खालच्या सुरातलं. १९९३ च्या 'अनप्लग्ड'मधे, म्हणजे निर्वाणाच्या एमटीव्हीवरच्या अकूस्टिक मैफिलीत, याच गाण्यात लोरी गोल्डस्टनचा चेलो आहे, तेही ऐका.

पण आधी हे. हेडफोन लावा, कोरस आला की कर्टच्या आवाजाच्या खाली ऐका, तिथे एक लांब सूर सरकतोय, तोच तो.