तुघलकाचा दूत नंदुरबारात आला होता

हे नंदुरबार. पथारीवर लालभडक मिरची वाळतेय, पोती भरली जातायत, आणि याच गावातून 1342 नंतर कधीतरी इब्न बतूता गेलाय, मोरोक्कोचा प्रवासी, दौलताबादहून निघून गुजरातच्या खंबायत बंदराच्या वाटेवर. तेव्हा इथे मिरची नव्हतीच बरं का, ती खूप नंतर आली. इथले लोक भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, वैद्य नि ज्योतिषी हुशार आहेत, असं त्याने लिहून ठेवलंय. त्याला चीनला दूत म्हणून पाठवलं होतं दिल्लीच्या सुलतानाने, मुहम्मद बिन तुघलकने, आणि या सुलतानाबद्दल तो सांगतो की ह्याच्या दारात कुणी ना कुणी गरीब श्रीमंत होत असतो आणि कुणाचा ना कुणाचा जीव जात असतो.

याच सुलतानावर गिरीश कर्नाडांनी 1964 मध्ये 'तुघलक' हे नाटक लिहिलं तेव्हा ते जेमतेम पंचविशी ओलांडलेले. मूळ कन्नड, मराठीत आणलं विजय तेंडुलकरांनी.

राजधानी हलवली, तांब्याची नाणी काढली, हे शाळेपासून पाठ आहे, ते सोडा. नाटक सुरू होतं तेच सुलतान केस हरतो तिथून. एका ब्राह्मणाची जमीन सरकारने घेतलेली, काझी निकाल सुलतानाच्या विरोधात देतो आणि हा तो भर लोकांत मान्य करून भरपाई देतो, आपल्याला वाटतं काय राजा आहे! मग कळतं की तो ब्राह्मण नाहीच, अझीझ नावाचा धोबी आहे, सुलतानाच्या न्यायाचाच फायदा उचलणारा.

आणि मग येतो शेख इमामुद्दीनचा प्रसंग, मला तरी अख्ख्या नाटकात हाच सगळ्यात जास्त हादरवतो. शेख उघडपणे सुलतानावर टीका करतो, तर सुलतान स्वतःच दवंडी पिटतो की या, सगळ्यांनी ऐका त्याला. सभेला एक माणूस येत नाही, कारण शिपाई घरोघर जाऊन दम देऊन आलेत. रिकाम्या जागेत हे दोघंच उभे. मग सुलतान गोड बोलून त्याला पटवतो की लढाई टाळायची असेल तर फौज घेऊन चालून आलेल्या बंडखोर सरदाराकडे, ऐन-उल-मुल्ककडे, तुम्हीच जा, शेखच्या अंगावर स्वतःचा शाही पोशाख चढवतो, दोघं दिसायलाही सारखे, आणि रणांगणात हत्तीवर बसलेल्या शेखला समोरचे सुलतान समजतात, इकडूनच हल्ल्याचं शिंग फुंकलं जातं, नि शेख बाणांनी खाली येतो. रक्तपात थांबवायची सुलतानाची इच्छा खोटी वाटत नाही, हेच तर भयंकर आहे.

शेवटी अझीझ पकडला जातो, तोवर त्याने खलिफाच्या वंशजाचा खून करून त्याचंच सोंग घेतलेलं असतं. त्याची मात्र गर्दन उडत नाही, सुलतान त्याला दख्खनच्या फौजेत अधिकारी करून टाकतो, म्हणजे आपल्याच बाजूला. मला वाटतं त्याला शिक्षा करायची तर सुलतानाला आधी स्वतःला करावी लागली असती, आणि हे त्या दोघांनाही माहीत असतं.