स्वतःला न शिवणारी वाट आणि तिच्यातून जाणारा करंट

[ग्राफ पेपर, पेन्सिलचं टोक, अगदी जवळून]

हा शाळेतला ग्राफ पेपर आणि ही मऊ ६बी पेन्सिल, हिच्यात ग्राफाइट भरपूर असतं त्यामुळे दाबून काढलेली रेघ चक्क करंट वाहून नेते. आता एका ठिपक्यावरून निघायचं, एकेक घर सरकायचं, कुठेही वळा, नियम एकच, जिथे एकदा जाऊन आलो तिथे परत पाय ठेवायचा नाही.

एका पावलाच्या वाटा ४, दोन पावलांच्या १२, तीनच्या ३६. मग चारच्या १०८ व्हायला पाहिजेत ना, पण होतात १००, कारण ८ वाटा चौकोन पूर्ण करून पहिल्याच ठिपक्यावर येतात आणि बाद होतात. आणि पुढचा विचार न करता मोकळं दिसेल तिकडे सरकत राहिलं तर सरासरी ७१ पावलांत आपण आपल्याच रेघेत कोंडले जातो.

प्लास्टिकचे, रबराचे लांबच लांब रेणू असेच वळतात, कारण एका जागी दोन अणू बसत नाहीत. पॉल फ्लोरींनी याचं गणित मांडलं, त्यांना १९७४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. सपाट कागदावर वाट १६ पट लांब केली तर दोन टोकांमधलं अंतर साधारण ८ पटच वाढतं. १९८२ साली भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड नीनहाउस यांनी हे काढलं, कॉम्प्युटरवर ते छान जुळतं, पण पक्की गणिती सिद्धता अजून कुणालाच जमलेली नाही, मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

आता मल्टिमीटर लावूया. एकट्या रेघेचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, लांबीबरोबर वाढतो, १६ पट रेघ तर १६ पट, वळणं कितीही घ्या. पण ही यू आकाराची वाट बघा, तीन पावलं, समजा प्रत्येकी १ ओहम (रेझिस्टन्स मोजायचं एकक), म्हणजे एकूण ३. टोकं एकमेकांच्या शेजारी आलीत, मध्ये १ ओहमचा पूल टाकला की ३ चा थेट पाऊण ओहम होतो! वाटेला स्वतःला शिवायची बंदी असते, करंटला नसते, तो शेजारच्या फांदीवर उडी मारतो.

खऱ्या प्लास्टिकमध्येही हेच होतं. हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी १९७७ साली पॉलिॲसिटिलीन नावाच्या प्लास्टिकला आयोडीन दिलं आणि करंट वाहून न्यायची त्याची ताकद कोटीच्या घरात वाढली, २००० साली तिघांना नोबेल. पण एका रेणूत करंट कितीही सुसाट पळाला तरी रेणू प्लास्टिकच्या अख्ख्या फिल्मपुढे एवढासा असतो, त्यामुळे एका साखळीवरून दुसरीवर उडी घ्यावीच लागते आणि अडतं बहुतेक वेळा तिथेच.

[कागदावर आता बऱ्याच वाटा, एकमेकींवरून गेलेल्या]

१९७१ साली लास्ट आणि थाउलेस या भौतिकशास्त्रज्ञांनी करंट वाहणाऱ्या ग्राफाइटच्या कागदाला कुठेही भोकं पाडत पाडत त्यातला करंट मोजला. दोन्ही कडांना जोडलेला कागद भरपूर शिल्लक होता तरी करंट आधीच पार मंदावला होता, कारण त्या कागदाचा बराच भाग नुसताच लटकणारा, पुढे कुठेच न जाणारा.

आपणही करून बघू. ही एका बाजूला लोंबणारी शेपटी, खोडरबराने पूर्ण पुसली, मीटरचा आकडा जागचा हलला नाही. आता मधला हा एकच ठिपका, जिथे डावीकडची आणि उजवीकडची वाट भेटते, तेवढाच पुसतो.

मीटर ओपन दाखवतोय, म्हणजे वाटच तुटली.