नऊपैकी नऊ, आणि आमंत्रण नाही

मंडळी, आधी एक गोंधळ मिटवून टाकू. आज मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो, तरी अमेरिकेत त्याला फुटबॉल म्हणतात. चेंडू लांबुडका, दोन्ही टोकांना निमुळता. तो काखेत दाबून पळायचं आणि समोरच्या अकरा जणांनी तुम्हाला जमिनीवर लोळवायचं. आपल्या कबड्डीतली पकड आठवा. फक्त इथे पकडणारा शंभर किलोचा असतो आणि पळत येऊन धडकतो.

दुसरं म्हणजे, तिकडे कॉलेजचा फुटबॉल ही गॅदरिंगसारखी हौसेची गोष्ट नव्हे. स्टेडियमं भरतात, पैसा फिरतो. हंगाम संपला की निवडक संघांना नववर्षाच्या सुमारास ‘बोल’ सामन्यांचं आमंत्रण येतं. ऑरेंज बोल, शुगर बोल, गेटर बोल अशी नावं, आणि हे तिन्ही अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत. स्टेडियमचा आकार वाडग्यासारखा, म्हणून बोल. आमंत्रण आलं की मान मिळतो आणि कॉलेजच्या तिजोरीत भर पडते.

आता १९५१ साल. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ, जेझुइट पाद्र्यांचं, छोटंसं. सामने खेळायचे तर शहराच्या केझार स्टेडियमवर. फुटबॉलचा खर्च झेपत नव्हता. प्रशिक्षक जो कुहारिच हा कडक माणूस. हंगामाआधी त्याने पोरांना कॉर्निंग नावाच्या गावी नेऊन उन्हात असं पिदडलं की पुढच्या सामन्यांत दमणं त्यांना ठाऊकच राहिलं नाही.

आणि पोरं कसली! जिनो मार्केटी दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत लढून आलेला. बॉब सेंट क्लेअर पावणेसात फूट उंच, आणि मांस कच्चंच खायचा. मी अतिशयोक्ती करत नाहीये, ही त्याची ख्यातीच होती. संघाची बातमी वर्तमानपत्रांत छापून आणण्याचं काम पीट रोझेल नावाच्या पंचविशीतल्या तरुणाकडे होतं. हे नाव लक्षात ठेवा. आणि दोन कृष्णवर्णीय खेळाडू, ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर.

मॅटसन काय चीज होती हे एका सामन्यावरून सांगतो. न्यूयॉर्कमध्ये फोर्डहॅम विद्यापीठाशी गाठ. समोरचा संघ लाथ मारून चेंडू उंच उडवतो आणि त्याच्यामागे त्यांचे अकरा गडी सुसाट धावत येतात. चेंडू झेलणाऱ्याने त्या लोंढ्यातून वाट काढायची. साधारण वीस-पंचवीस यार्ड काढले की लोक टाळ्या वाजवतात. मॅटसन एकदा ९४ यार्ड पळाला. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे अशा सव्वाचार खेळपट्ट्या, आणि वाटेत अकरा माणसं. मग त्याच सामन्यात पुन्हा एकदा ९० यार्ड. दोन्ही वेळा थेट शेवटच्या रेषेपार, म्हणजे दर वेळी सहा गुण. संघ ३२-२६ असा जिंकला. म्हणजे त्या दोन धावा नसत्या तर हा नऊपैकी आठांचा हंगाम झाला असता आणि मी आज दुसऱ्याच विषयावर बोलत असतो.

बाकीचे सामने एकतर्फीच. सॅन होझे स्टेटला दोनदा हरवलं, पॅसिफिकला ४७-१४. शेवटचा सामना पासाडिनाच्या रोझ बोल मैदानावर, लॉयोलाविरुद्ध, २०-२. नऊ सामने, नऊ विजय. मॅटसनच्या १,५६६ यार्ड धावा, त्या वर्षी देशात सर्वाधिक.

आणि आमंत्रण आलं नाही.

कारण सांगितलं गेलं की तुमचे प्रतिस्पर्धी कच्चे होते. कारण अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर ते सोयीचं होतं. खरी गोष्ट कुजबुजीतून पोचली: त्या दोन कृष्णवर्णीय पोरांना घरी ठेवा, मग दक्षिणेत येऊन खेळा. हे सगळ्या दक्षिणेचं एकमत होतं असंही नाही बरं का. डॅलसच्या कॉटन बोलमध्ये १९४८ साली पेन स्टेटचे दोन कृष्णवर्णीय खेळाडू खेळून गेले होते. म्हणजे करता येत होतं, करायचं नव्हतं. आणि मैदानावरही काय चाललं होतं? त्याच हंगामात ओक्लाहोमात जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा फोडला गेला, चेंडू त्याच्याजवळ नसताना. छायाचित्रांत ते स्पष्ट दिसतं. त्या छायाचित्रांना पुढे पुलित्झर मिळालं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पोरांनी नाही म्हटलं. मला या गोष्टीत भावतं ते हे की त्यावर फार खल झाला नाही. कॉर्निंगच्या उन्हात एकत्र होरपळलेल्या पोरांना दोघांना वगळून संघ म्हणजे काय, हेच कळेना.

त्या नकाराची किंमत मात्र खरी होती. बोलचे पैसे आले असते तर तूट थोडी तरी भरली असती. हंगामानंतर विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. कुहारिच व्यावसायिक संघाकडे गेला, सेंट क्लेअरला उरलेलं वर्ष खेळायला टल्सा विद्यापीठात जावं लागलं. अपराजित संघ, आणि पुढच्या वर्षी संघच नाही.

मॅटसन १९५२ च्या जुलैमध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला गेला, ४०० मीटरमध्ये ब्राँझ आणि रिलेत रौप्य घेऊन आला. हेलसिंकी म्हटलं की आपल्याला खाशाबा आठवतात. गोळेश्वरच्या त्या पैलवानाने आपलं ब्राँझ याच स्पर्धेत, त्याच महिन्यात जिंकलं. पुढे मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर, तिघेही व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले.

टोलरचं नशीब वेगळं. १९५२ मध्येच एका प्रदर्शनी सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि खेळणं संपलं. तो शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोत शाळेचा मुख्याध्यापक झाला. आणि १९६५ साली एनएफएलने, म्हणजे व्यावसायिक लीगने, त्याला मैदानावरचा पंच म्हणून घेतलं. तिथला पहिला कृष्णवर्णीय पंच. तेव्हा लीगचा कमिशनर कोण होता? तोच, बातम्या छापून आणणारा पीट रोझेल.

जानेवारी १९८० मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, पासाडिनाला होता, रोझ बोल मैदानावर. लाखभर प्रेक्षक. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून, शिट्टी घेऊन बाजूच्या रेषेवर बर्ल टोलर उभा होता. २८ वर्षांपूर्वी तो आपला शेवटचा कॉलेज सामना खेळला ते हेच मैदान.