पानावरची बेरीज

संध्याकाळचे साडेसहा. दहावीतली एक मुलगी एसटीतून उतरून घरी येते. दप्तर ओट्यावर टेकवते, हातपाय धुते, चहात बुडवून दोन बटर खाते. मग कोऱ्या पानावर लिहिते: बीजगणित, सरावसंच 2.3. विज्ञान, प्रयोगवही, भिंगांच्या किरणाकृती. इतिहास, स्वाध्याय. क्लासचा पेपर.

इतिहासाच्या बाईंनी आज काय दिलंय, ते गणिताच्या सरांना ठाऊक नसतं. ज्याचा त्याचा गृहपाठ ‘थोडासाच’ असतो. बेरीज होते ती या पानावर.

केंद्र सरकारच्या 2020 सालच्या दप्तरविषयक धोरणानुसार नववी ते बारावीच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त 2 तासांचा गृहपाठ द्यावा. दुसरीपर्यंत तर देऊच नये. ठीक. पण क्लासचा गृहपाठ या 2 तासांत कोण धरतं?

गणित ती आधी घेते, डोकं ताजं असताना. वर्गसमीकरण अडलं, तर त्यावर खूण करून पुढे जाते. तिथंच तासभर रुतून बसत नाही. प्रयोगवही जेवणानंतर, डोळे जड झाल्यावर. रकाने आखायला, आकृतीला नावं द्यायला हात लागतो, डोकं फारसं लागत नाही.

बरीच मुलं नेमकं उलटं करतात. आधी वह्या सजवतात, शीर्षकाखाली रंगीत रेघा मारतात, आणि रात्री साडेदहाला बीजगणित उघडतात. मग सकाळी मैत्रिणीची वही आहेच!

त्यांना तरी का बोलावं? बोर्डाच्या विज्ञानात 100 पैकी 20 गुण प्रात्यक्षिकाचे. प्रयोगवहीवर सही नसली की सगळ्यांना दिसतं. उदाहरण समजलंय की नुसतं उतरवलंय, हे सहीच्या घाईत कुणाला कळणार? जे तपासलं जातं, तेच मुलं आधी करतात. आपण मोठी माणसं कचेरीत याहून वेगळं काय करतो?

पावणेअकरा. आई दिवा मालवायला उठते. क्लासचा पेपर अर्धा झालाय. इतिहासाचा स्वाध्याय राहिलाच. पानावर त्याच्यापुढे तिनं पेन्सिलीनं लिहिलंय: सकाळी एसटीत. बसायला जागा मिळाली तर.