‘नॉन’ एवढाच शब्द

श्रोतेहो, नमस्कार. परळच्या एका रात्रशाळेत मी इंग्रजी शिकवते. परवा वर्ग सुटल्यावर एक मुलगा मागे थांबला. दिवसभर हॉटेलात राबून येतो. खिशातून त्यानं चार घड्या घातलेला कागद काढला. चाळीतल्या नळावर भांडण झालं, शेजाऱ्यानं त्याच्या आईला नको नको ते बोललं. “बाई, पोलिसांत एनसी केलीय. आता त्याला पकडतील ना?”

मी फळ्यावर पूर्ण शब्द लिहिला: नॉन-कॉग्निझेबल. आधी ‘नॉन’ हातानं झाकला. उरला कॉग्निझेबल, म्हणजे दखलपात्र. अशा गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास करतात, वॉरंटशिवाय अटक करू शकतात. मग हात काढला. ‘नॉन’ आला की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास सुरूच होत नाही. नुसती शिवीगाळ इथंच मोडते. पोरगा फळ्याकडे बघत म्हणाला, “म्हणजे आपला अदखलपात्रमधला ‘अ’!”

अगदी तोच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, हा ‘नॉन’ मात्र जागेवर आहे. नॉन-बेलेबलमध्येही तोच. पण तिथं जामीन मिळतच नाही असं समजू नका. तो हक्कानं मागता येत नाही, द्यायचा की नाही ते न्यायालय ठरवतं.

इंग्रजी उपसर्गांना आपण उगाच घाबरतो. को-अक्यूज्ड म्हणजे सहआरोपी. लीगलच्या आधी ‘इन’ लागताना त्याचा ‘इल’ होतो, इल्लीगल. आपल्या उत् आणि लंघनचं उल्लंघन होतं, तसंच. मला हे साम्य फार आवडतं.

एका शब्दाला मात्र जपा: अंडरट्रायल. इथला ‘अंडर’ कमीपणाचा नाही. खटला अजून चालू आहे, एवढंच तो सांगतो. तुरुंगात असला तरी त्या माणसावर गुन्हा सिद्ध झालेला नाही. आपण त्याला कच्चा कैदी म्हणतो, आणि तो शब्द जास्त प्रामाणिक आहे.

मुलानं सगळं वहीत उतरवलं, मग विचारलं, “दंडाधिकाऱ्यांकडे जायचं तर वकिलाचे पैसे?” स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं. वहीच्या त्याच पानावर मी लिहून दिलं: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. आईला घेऊन जा म्हटलं, आणि हा एनसीचा कागद सोबत ठेव.