वूफर ९० अँपिअर मागतो, आणायचे कुठून?

बसा राजेहो, मागच्यांनी समोर या, पंख्याची हवा पहिल्या दोन ओळींच्या पुढे जात नाही. बाहेर ४५ डिग्री चालू आहे आणि आपला विषय पण गरमीचाच आहे, फक्त बॉनेटखालच्या: गाडीतल्या म्युझिक सिस्टमला करंट कुठून पुरवायचा.

मागच्या महिन्यात एक पोरगा हॅचबॅक घेऊन आला. हजार वॅटचा मोनोब्लॉक, म्हणजे फक्त वूफरसाठीचा एका चॅनलचा अँप्लिफायर, डिक्कीत बारा इंचाचा वूफर. तक्रार एकच, बेस पडला की हेडलाइट मिचकावतात. कोणीतरी त्याला एक फॅरडचा कॅपेसिटर विकला होता, निळ्या डिस्प्लेवाला, तो लावून पण लाइट मिचकावूनच राहिले होते. आता त्या कॅपेसिटरचा हिशोब पाहा. १४.४ व्होल्टवरून १२ वर उतरताना एक फॅरड देऊन देऊन किती देतो, ३२ ज्यूलच्या आसपास. हजार वॅट म्हणजे सेकंदाला हजार ज्यूल, म्हणजे ३२ मिलिसेकंदात भाऊ रिकामा, ढोलाची एक थाप पण पुरी होत नाही. आणि रिकामा झाला की भरायला पुन्हा त्याच अल्टरनेटरसमोर (इंजिनवर फिरून गाडीची वीज बनवणारं जनरेटर) हात पसरते, स्वतः एक पैसा कमावत नाही. मी विकत नाही असं नाही, कोणी हट्टच धरला तर देतो, पण हे ऐकवून देतो.

मग करंट लागतो तरी किती? (आपल्या धंद्यात अँप म्हणजे अँप्लिफायर पण आणि अँपिअर पण, त्यामुळे मी आज अँपिअर पूर्ण म्हणतो, नाहीतर तुम्ही गोंधळून जाल.) क्लास डी अँप्लिफायर, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा प्रकार, साधारण ८० टक्के एफिशियंट धरा, हजार वॅट बाहेर काढायला साडेबाराशे आत लागले, भागिले १३.८ व्होल्ट, झाले ९० अँपिअर. जुन्या क्लास एबीला त्याहून बरेच जास्त. गाणं सारखं फुल बेसवर नसते म्हणून सरासरी याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते, कधी त्याहून खाली, पण लाइट मिचकावतात ते सरासरीवर नाही, त्या एका ठोक्यावर.

त्या पोराच्या गाडीला मी आधी काहीच बदललं नाही, मीटर घेतला. इंजिन थोडं रेसवर ठेवलं, बॅटरीवर १३.९, आणि त्याच ठोक्याला डिक्कीत अँप्लिफायरच्या टर्मिनलवर ११.६. म्हणजे २.३ व्होल्ट रस्त्यातच गायब! मग मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसला आणि दुसरा लांब वायर जोडून अँप्लिफायरच्या प्लसला, तिथे ०.६ गेले. ते समजून येते, वायर चार गेजची होती पण सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, दिसायला जाड पण काम अर्ध्यापेक्षा थोडंच जास्त. शुद्ध तांब्याची असती तर तेवढ्याच पाच मीटरमध्ये ०.४ च्या आत राहिलं असतं. मायनस टू मायनस पाहिलं तर तिथे १.७! अर्थिंग कुठे दिलं होतं तर मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला, आणि लगच्या (वायरच्या टोकाची धातूची कडी) खाली कंपनीचा कलर जसाच्या तसा. करंट बिचारा बोल्टच्या आट्यांमधून जाऊन राहिला होता. (सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ देऊ नका बाप्पा, ते जीव वाचवायचं काम आहे.) बाजूला बॉडीच्या जाड पत्र्यावर रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासली, चांदीसारखा पत्रा दिसेपर्यंत, लग वायरवर नीट दाबून, म्हणजे क्रिम्प करून, नटबोल्टने आवळला, वरून ग्रीस, गंज नको म्हणून. १.७ चे ०.२ झाले. खर्च किती तर पॉलिश पेपरचा.

पण खरा आजार त्यानंतर दिसला. पोरगा दोन दिवसांनी परत, म्हणे रोडवर मस्त वाजते पण व्हरायटी चौकात सिग्नलला उभा राहिलो, एसी चालू, की पुन्हा तेच. तर ऐका, अल्टरनेटरवर जो आकडा छापला असतो, समजा ९०, तो अल्टरनेटर ६००० आरपीएमला फिरत असताना आणि थंड हवेतला असतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन हळू चालू असताना, तो निम्म्यावर पण येऊ शकते. त्यात आपल्या मे महिन्यात बॉनेटखाली हात लावता येत नाही, वाइंडिंगचं तांबं ८० डिग्रीने जास्त तापलं तर त्याचा रेझिस्टन्स तीसेक टक्क्यांनी वाढते. आणि त्याच वेळी एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा फॅन, इंधनाचा पंप, हेडलाइट, सगळे आपापला हिस्सा घेऊन बसलेले. उरलं काय? उरत नाही तेव्हा बॅटरी देते, आणि व्होल्टेज १२.६ च्या खाली गेलं की समजायचं आता गाडी उधारीवर वाजून राहिली.

म्हणून पैसे आधी इथे लावा. अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरीचा मायनस ते बॉडी, इंजिन ते बॉडी, या तीन वायरी तांब्याच्या जाड टाका, मग गरज असली तर जास्त अँपिअरचा अल्टरनेटर. दोन नव्या बॅटऱ्या टाकून कमाई वाढत नाही, गुल्लक मोठा होते.

फ्यूजबद्दल मी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका गाडीत मी फ्यूज डिक्कीत अँप्लिफायरजवळ लावला, दिसायला छान म्हणून. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकात ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून रबराची रिंग, घातला नाही. वायर पत्र्यावर घासून घासून सोलली, आणि धूर निघाला तो डॅशबोर्डखालून. फ्यूज तसाच शाबूत, कारण तो त्या जागेच्या पुढे होता! फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, तो वायरला वाचवायला असतो, अँप्लिफायरला नाही.

काय विचारून राहिले, लिथियम? बॉनेटखाली नको, तिथली गरमी तिला मानवत नाही, डिक्कीत ठेवा आणि तिचं चार्जिंग व्होल्टेज गाडीशी जुळते का पाहा. नवीन गाडीत बॅटरीच्या मायनसवर सेन्सर असला तर अर्थ त्याच्या पुढे, बॉडीच्या बाजूला द्या, थेट टर्मिनलला दिला तर गाडीला हिशोब लागत नाही, चार्जिंग चुकते.

चला, त्या पोराची गाडी बाहेरच उभी आहे. कोणीतरी टाँग टेस्टर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) घ्या, एसी चारवर ठेवा, आयडलला अल्टरनेटर किती देते ते आताच पाहून घेऊ.