कापड मागावर, हिशेब तासांवर

मंडळी, इथे बसलेल्या बहुतेकांना कातता येतं, मागावर बसता येतं, निदान विणायच्या सुया तरी सफाईनं चालवता येतात. तेव्हा काम कसं करायचं हे मी सांगत बसणार नाही. मला बोलायचंय ते तासांबद्दल. या धंद्यात आपण सूत विकत नाही, लोकर विकत नाही, हाताचे तास विकतो. पण वहीत बघावं तर सुताचं वजन असतं, रंगाचा खर्च असतो, टपालाचा असतो, आणि तासांचा रकाना मात्र कोरा. मग वर्षाच्या शेवटी माणूस म्हणतो, एवढं विकलं, उरलं काय?

आता गंमत अशी की कताई, माग आणि सुया ही तीन कामं एकाच खोलीत चालतात, एकाच लोकरीवर चालतात, तरी त्यांचे तास तीन तऱ्हेचे आहेत. काही तास दहा नगांवर वाटून टाकता येतात. काही प्रत्येक नगाला पुन्हा मोजावे लागतात. कुठले कुठल्या जातीचे हे ज्याला कळलं, त्याला काय विकायला ठेवायचं हेही कळतं.

मागापासून सुरुवात करू. एक मफलर धरा. पन्नास सेंटिमीटर पन्ह्याचा, दोन मीटर लांब, सेंटिमीटरला आठ धागे. म्हणजे ताण्याचे, मागावर लांबीच्या दिशेनं ताणलेले, चारशे धागे. विणताना धागा वर-खाली वळसे घेत जातो म्हणून लांबी आटते, धुतल्यावर आणखी आटते. दोन मीटर हातात यायला दोन मीटर चाळीस सेंटिमीटर धरावेच लागतात. शिवाय मागच्या बीमपासून, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या दांड्यापासून, आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या फणीपर्यंतचा जो तुकडा विणताच येत नाही, तो असतो, आणि पुढे गाठी बांधायला लागणारा. मोठ्या मागावर हे मिळून सत्तर सेंटिमीटर सहज जातात. आता एकाच मफलरीसाठी ताणा चढवला तर तीन मीटर दहातले सत्तर सेंटिमीटर वाया, म्हणजे जवळजवळ पावपट सूत फुकट. त्याच ताण्यावर सहा मफलरी विणल्या तर तेच सत्तर सेंटिमीटर पंधरा मीटरांत जातात. शेकड्याला पाच टक्केसुद्धा नाही.

सुताचं सोडा, तासांचं बघा. चारशे धागे मोजून ताणा घालायचा, बीमवर गुंडाळायचा, एकेक धागा मागाच्या वहीतून (हिशेबाची नव्हे, ताण्याचे धागे वर-खाली करणारी ती वही) ओवायचा, मग फणीतून काढायचा, बांधायचा, ताण सारखा करायचा. सवयीच्या हातालाही सहा-सात तास. प्रत्यक्ष विणायला? दोन मीटर चाळीसमध्ये एक हजार नऊशे वीस आडवे धागे बसतात. मिनिटाला पंधरा टाकले तर दोन-सव्वादोन तास. एकच मफलर विणली तर ती नऊ तासांची. सहा विणल्या तर प्रत्येकी साडेतीनच्या आत. म्हणून माझं ठाम मत आहे, मागाचा माणूस एकेक नग करायला लागला की तो धंदा नव्हे, हौस झाली. हौसेबद्दल माझी काही तक्रार नाही, फक्त तिच्यावर घरभाडं लादू नका.

यावर लगेच कोणीतरी म्हणतं, मग सहाही सारख्याच दिसणार. का दिसाव्यात? ताणा तोच ठेवून बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, रंग बदला, जाडी बदला, पायानं दाबायच्या पायट्यांचा क्रम बदला. वहीतली ओवणी न बदलता साध्या विणीपासून तिरप्या विणीपर्यंत कितीतरी कापडं निघतात. ताणा आखतानाच हे ठरवलं पाहिजे. या धंद्यातला नफा विणताना मिळत नाही, ताणा घालण्याआधी कागदावर मिळतो. आणि कापड मागावरून उतरलं म्हणजे संपलं असंही नाही. टोकांच्या सुट्या धाग्यांच्या दशा वळायच्या, सुटलेला धागा सुईनं भरायचा, धुवायचं, दाबून वाळवायचं, चिठ्ठी लावायची. नगामागे तासभर तरी जातो, आणि हा तास वाटून घेता येत नाही. लोक नेमका तोच विसरतात, कारण तो संध्याकाळी गप्पा मारत केलेला असतो.

आता कताई. इथे मी थोडा कडवट बोलणार आहे. हाताने कातलेल्या धाग्यावर माझं प्रेम आहे, पण तास खाण्यात त्याच्यासारखा कोणी नाही. वरचीच मफलर घ्या. ताण्याला नऊशे साठ मीटर, बाण्याला नऊशे साठ. सगळा धागा स्वतः कातून दुपदरी करायचा, म्हणजे दोन एकेरी धागे एकत्र पिळायचे, तर एकेरी धागा तीन हजार आठशे चाळीस मीटर लागतो. चरख्यावर तासाला दोनशे मीटर निघतो असं धरलं तर एकोणीस तास, वर पदर वळायला चार-पाच. चोवीस तास कातायचं, आणि विणायला दोन तास!

हे आपल्याला आजच कळलंय असं नाही. 1733 मध्ये जॉन के यांनी इंग्लंडमध्ये उडत्या धोट्याचं, म्हणजे आडवा धागा झपाट्यानं आरपार नेणाऱ्या धोट्याचं, पेटंट घेतलं आणि विणकराचा हात एकदम वाढला. झालं काय, तर सूत पुरेना. एका मागाला सूत पुरवायला आधीच कितीतरी कातणारे हात लागत, आता आणखी लागायला लागले. जेम्स हारग्रीव्हज यांची अनेक चात्या, म्हणजे कातायच्या टकळ्या, एकदम फिरवणारी जेनी आली ती 1760 च्या दशकात, याच तुटवड्याच्या काळात. यंत्रयुगानं ज्या ठिकाणी सर्वांत आधी घाव घातला, ती आपल्या छोट्या धंद्यातही आज सर्वांत अरुंद जागा आहे.

मग हातकताई सोडून द्यायची का? नाही. जिथे दिसते तिथे वापरायची. ताण्याला गिरणीचं दुपदरी सूत घ्या. ताण्याच्या धाग्याला सतत ताण सोसायचा असतो, फणीची घासाघीस सोसायची असते, आणि एक कच्चा धागा तुटला की सगळं काम थांबतं. बाण्याला हे हाल नाहीत. तिथे स्वतः कातलेला, जरा सैल पिळाचा एकेरी धागा टाका. ऊब, पोत, रंगाची चढउतार सगळं त्याच्यातून येतं, आणि चोवीसाचे पाच तास होतात. पण चिठ्ठीवर 'बाणा हातकताईचा' असंच लिहा, नुसतं 'हातकताई' लिहून मोकळं होऊ नका. जाणकार गिऱ्हाईक ताणा ओळखतं.

कच्ची लोकर घेणाऱ्यांना दोन गोष्टी. मेंढीवरून उतरलेल्या लोकरीत मेण, घाम, माती, काटे सगळं असतं. धुतल्यावर वजन किती घटेल ते जातीवर आणि रानावर ठरतं, बारीक लोकरीत तर निम्मंही जातं. तेव्हा पूर्ण गासडी घेण्याआधी थोडी लोकर तोलून, धुऊन, वाळवून परत तोला आणि मग भाव ठरवा. दुसरी गोष्ट हवेची. लोकर हवेतलं पाणी भरपूर पिते आणि तरी हाताला कोरडी लागते. म्हणूनच व्यापारात ती ठरावीक ओलाव्याच्या हिशेबानं तोलतात. दमट दिवशी तोललेली शंभर ग्रॅमची लडी कोरड्या हवेत गिऱ्हाइकाच्या काट्यावर कमी भरेल, आणि फसवल्याचा आळ तुमच्यावर येईल. लडीवर वजनाबरोबर मीटर लिहा. लडी गुंडाळायच्या फाळक्याचा घेर आणि फेरे माहीत असले की ते आपोआप मिळतात, आणि विणणाऱ्याला तरी खरे मीटरच हवे असतात.

सुयांच्या कामाला मांडामांड नाही. टाके घातले की सुरू, बसमध्ये, रांगेत, कुठेही. म्हणूनच ते फसवं आहे. दहा सेंटिमीटरला वीस टाके आणि अठ्ठावीस ओळी अशी मध्यम वीण धरा. शंभर सेंटिमीटर छातीचा स्वेटर म्हणजे एका ओळीला दोनशे टाके, साठ सेंटिमीटर उंचीला एकशे अडुसष्ट ओळी. नुसत्या धडाचे तेहेतीस हजार सहाशे टाके, बाह्या धरून पन्नास हजारांच्या आसपास. मिनिटाला तीस टाके न थांबता घातले तरी सत्तावीस-अठ्ठावीस तास. दुसऱ्या स्वेटरला पुन्हा तेवढेच. इथे काहीच वाटून घेता येत नाही. या तासांचा रास्त मोबदला लावून किंमत काढली तर गिऱ्हाईक हसतं, आणि न लावता काढली तर आपण रडतो. म्हणून हातविणीचे स्वेटर ऑर्डरवर घेऊ नका असं मी स्पष्ट सांगते. टोप्या करा, मनगटपट्ट्या करा, नाहीतर विणीची लेखी आकृतीच विका. एकदा नीट लिहून, दुसऱ्याकडून विणून तपासून घेतलेली आकृती शंभर जणांना विकता येते. सुयांच्या कामात वाटून घेता येणारा तास असेल तर तो हाच. मात्र आकृती स्वतःची हवी. विकत आणलेली आकृती आपली म्हणून पुढे विकणं ही चोरीच आहे, चार टाके बदलले तरी.

घरगुती विणयंत्राबद्दल नेहमी विचारतात. जरूर वापरा. विल्यम ली यांनी मोजे विणायची चौकट 1589 मध्ये बनवली, म्हणजे उडत्या धोट्याच्याही जवळजवळ दीडशे वर्षं आधी. तेव्हा यात बाटण्यासारखं काही नाही. सपाट भाग यंत्रावर, गळा आणि जोडकाम हातानं, आणि चिठ्ठीवर तसंच लिहिलेलं.

दुकानांचं थोडक्यात. दुकानदार विक्रीच्या किमतीतला मोठा हिस्सा, कित्येकदा निम्मा, ठेवून घेतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, त्यालाही जागा आणि माणसं आहेत. चूक तेव्हा होते जेव्हा आपण घरून कमी भावात विकतो आणि दुकानात दुप्पट लावतो. गिऱ्हाईक दोन्हीकडे जातं, आणि दुकानदारालाही कळतं. सुरुवातीपासून किंमत एकच ठेवा, दुकानाचा हिस्सा आत धरून. त्या किमतीला नग जात नसेल तर तो नग दुकानासाठी नाही, एवढंच.

शिकवणीबद्दल चिठ्ठ्या आल्यात, म्हणून शेवटी तेवढं बोलते. छोट्या धंद्यात वर्गातून येणारा पैसा पुष्कळदा कापडापेक्षा भरवशाचा असतो, कारण तिथे तोच तास आठ जणांना एकदम विकला जातो. पण मागाचा वर्ग घेताना पहिल्या दिवशी ताणा घालायला लावू नका. माग आधीच चढवून ठेवा, आल्या आल्या धोटा हातात द्या, चार बोटं कापड होऊ द्या. ओवणी दुसऱ्या वर्गात शिकवा. तोपर्यंत निम्मे लोक गळतील, आणि जे उरतील ते वहीतून चारशे धागे ओवायला कंटाळणार नाहीत. चढवून ठेवायचे तास मात्र वर्गाच्या शुल्कात धरा.